ब्रह्मचाऱ्याची सोयरीक

९ जानेवारी

खारू,

बोटीतून उतरून दोन दिवस झाले, पण जमीन अजून पायाखाली डुलते आहे. बंदराजवळ एका विधवा बाईकडे खोली घेतली आहे. खोलीला एकच खिडकी, समोर दोरखंडांचं दुकान. तुझ्या बापाला सांग, बहीण जिवंत आहे. निघताना तो म्हणाला होता, साठीला टेकल्यावर माणसं घरी बसतात, तू झाडं बघत कुठे उंडारणार? मी म्हटलं, एकतीस वर्षं ज्याला पाणी घातलं त्याचं गाव बघून येते. त्यावर तो दार लावून आत गेला. माझा भाऊच तो.

तुला माहीत आहे तरी लिहिते, कारण लिहिलं की मला धीर येतो. आपल्या ब्रह्मचाऱ्याबद्दल जुन्या नोंदवहीत एवढंच आहे: ‘दुसऱ्या धबधब्यामागची ओली घळ, उत्तरेची बाजू. रोपटं एक.’ एकशे दहा वर्षांपूर्वी कोणीतरी ते रोपटं गोणपाटात गुंडाळून आणलं, ते नर निघालं, आणि तेव्हापासून काचघरात दरवर्षी फुलतंय. फळ कुठून धरणार? या जातीच्या माडाची मादी आपल्याकडेच काय, कुठल्याच बागेत नाही. माळ्यांनी ब्रह्मचारी नाव ठेवलं ते उगीच नाही. आता मी त्याच्यासाठी स्थळ बघायला निघाले आहे, असं समज.

काल खाडीवर गेले होते. चिखलात एका जातीचा माड उगवतो, त्याला उभं खोडच नसतं, झावळ्या थेट चिखलातून वर येतात. आपल्याकडे तो टाकीत कुढत बसलाय, तुझ्या कमरेलाही लागत नाही. इथे मैलभर पसरलाय, आणि एकेक झावळी घराच्या वर. मी चपला हातात घेऊन आत गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. एका होडीवाल्याने काखेत हात घालून मुळ्यासारखं उपटून काढलं. हसला नाही, हे त्याचे उपकार.

काचघराची दक्षिणेची झडप सकाळी उघडायची, दुपारी बंद. पाणी बुंध्याशी, पानांवर नको. ब्रह्मचाऱ्याचा शेंडा छपरापासून वीतभर राहिला होता, आता किती आहे ते कळव. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात हात घालू नकोस, जुने कागद आहेत, मी आल्यावर लावीन.

उद्या इथून हलते. पत्र सोबतच्या पत्त्यावर टाक. तिथल्या पोस्टात ठेवून घेतात म्हणे.

तुझी आत्या

२४ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. मुळ्याच्या ठिकाणी ते हसले आणि मग हसलो नाही असं दाखवायला वर्तमानपत्र उलटं धरून बसले.

मी ठीक आहे. रोपवाटिकेत सहा वर्षं काढली, तिथे सगळं माझ्या गुडघ्याएवढं होतं. इथे मान वर करूनच काम. माळी अजून मला ‘बाई’ म्हणायला कचरतात, तुझ्या खुर्चीकडे बघून बोलतात, जणू तू तिथेच आहेस. मी खुर्चीवर बसत नाही, स्टुलावर बसते.

शेंड्याचं विचारलंस. वीत संपली. नवा कोंब परवा काचेला टेकला, आणि काल एका तावदानाला तडा गेला. मी खालचा रस्ता दोरी बांधून बंद केलाय. काल उद्यानाचे साहेब आले होते. हात मागे बांधून बराच वेळ वर बघत उभे राहिले आणि काही न बोलता गेले. एरवी ते इतके गप्प नसतात.

माडाचा शेंडा छाटता येत नाही, छाटला की झाडच गेलं, हे तूच शिकवलंस. एवढ्या वयाचं झाड उपटून दुसरीकडे लावताही येत नाही. छप्पर उंच करण्याबद्दल विचारलं तर लोखंड जुनं आहे, ते सोसणार नाही, असं उत्तर आलं. मला खरं सांग आत्या, तू इथे असतीस तर काय केलं असतंस?

तुझी खारू

११ फेब्रुवारी

खारू,

महिन्याभरात चार गावं झाली. पायाला भिंगरी आहे असं तुझी आजी म्हणायची, ती खोटं बोलत नव्हती. एका ठिकाणी दोन दिवस झाले की मला झोप लागत नाही. पिशवी भरलेलीच ठेवते.

पण काय काय बघितलं! वेत हा माडाच्याच कुळातला, हे मी पन्नासदा लोकांना सांगितलंय. पण तो रानात काट्यांनी पदर धरून ठेवतो आणि सोडत नाही, तेव्हा कुठे नातं पटतं. सोडवायला अर्धा तास लागला. मग एक माड पाहिला, त्याचं खोड कमरेएवढ्या उंचीवर सुरू होतं आणि खाली नुसत्या मुळांच्या काठ्या, जणू धोतर वर खोचून ओढा ओलांडायला निघालाय. आपल्या काचघरातली झाडं कशी असतात ना खारू, पाहुण्यांपुढे बसवलेल्या मुलांसारखी, केस विंचरून, गप्प. इथे ती वाकतात, मोडतात, एकमेकांच्या अंगावर पडतात. मला थोडी लाज वाटली. कशाची ते नीट सांगता येत नाही.

आता शेवटच्या गावात आहे. इथून पुढे बस जात नाही. इथे घरं शाकारणारी एक बाई भेटली. पन्नाशीची, तळहात चामड्यासारखे, बोलते मोजकं. छप्पर शाकारण्यापायी ती या डोंगरातली प्रत्येक झावळी ओळखते. मी चित्र दाखवलं. ती म्हणाली, “हा का? याचं छप्पर वीस वर्षं गळत नाही. पण आता वरच्या घळीतच राहिलाय.” दुसरा धबधबा कुठे म्हणून विचारलं तर म्हणाली, त्याच घळीत. खारू, माझ्या हातातून चहा सांडला.

कोंबाला सुंभाने सैल बांधून थोडा वाकवून ठेव, काही दिवस निघतील. तू विचारलंस त्याचं उत्तर सावकाश देते. आधी घळीत पोचू दे.

तुझी आत्या

२ मार्च

आत्या,

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक.

बाबांचा गुडघा परत दुखतोय, डॉक्टरांनी पट्टा दिलाय तो ते खुर्चीला बांधून ठेवतात. शेजारच्यांनी भिंतीला रंग काढला. रोपवाटिकेतल्या माझ्या जुन्या मुकादमाची बदली झाली. मला आता ‘बाई’ म्हणतात.

ब्रह्मचारी यंदा लवकर फुलला. फुलांची पोय जानेवारीअखेर बाहेर आली होती, गेल्या आठवड्यात उमलली. खूप फुलला. इतका की फरशी पिवळी झाली होती.

काचघरात सध्या उजेड फार येतो. सावलीतली रोपं सरकवावी लागली.

जप. रानात एकटी जाऊ नकोस.

खारू

१९ मार्च

खारू, सापडली!

उभ्यानेच लिहिते आहे, बसवत नाही. पत्र न्यायला माणूस थांबलाय.

शाकारणारी बाई पुढे आणि मी मागे, असे चार वेळा चढलो. तीन वेळा धबधब्याच्या पाण्याने वाट दिली नाही. चौथ्यांदा घळीत शिरलो आणि खरं सांगते, मी त्या झाडाजवळून दोनदा गेले आणि मला ओळखता आलं नाही. एकतीस वर्षं ज्याची पानं पुसली, तेच झाड! कारण इथे झावळ्या फाटलेल्या, वाऱ्याने चिंध्या झालेल्या. खोड जाड, बुटकं, दीड पुरुष उंचीचं. आपला तो सडसडीत, काचेला टेकणारा, तो मुळात असा नाहीच. आपण त्याला धुरकट काचेखाली ठेवलं, आणि तो जन्मभर उजेड शोधत वर सरकत राहिला असावा. वाढला तो त्याचा दोष नव्हता. माझा होता. काचा मी वर्षातून एकदा पुसून घ्यायची.

बाईने बुंध्यावर थाप मारली तेव्हा मी सालीवरचे तेच ओळखीचे वळ बघितले, आणि मग मात्र काही शंका राहिली नाही. बराच वेळ खोडाला हात लावून उभी होते.

तीन झाडं आहेत. तिन्ही माद्या. मी बाईला विचारलं, नर कुठे आहेत?

“कापले,” ती म्हणाली. “फळ देत नाहीत ना. फळ न देणारं झाड आधी छपराला.”

“आणि या तिघींनी शेवटचं फळ कधी धरलं?”

तिने बोटांवर हिशेब केला. मग हात खाली सोडला. “आठ वर्षं झाली,” ती म्हणाली, आणि जरा थांबून, “म्हणजे आम्हीच.”

आता नीट वाच. दोघींच्या पोया बाहेर आल्यात, तीनेक आठवड्यांत उमलतील. आपला ब्रह्मचारी फुललाय, तू लिहिलंसच. देव पावला म्हणायचं. राहिलेला असेल तो पराग कागदावर झाड, सावलीत सुकव, कागदाच्या पुड्या कर, डब्यात घालून पाठव. एक दिवसही दवडू नकोस. उजेड येतो म्हणालीस, काचा पुसून घेतल्यास ना? शाबास, मला जे सुचलं नाही ते तू केलंस. एकशे दहा वर्षांनी त्याचं लग्न लागतंय खारू!

तुझी आत्या

३० मार्च

आत्या,

काचा मी पुसल्या नाहीत. उजेड येतो कारण ब्रह्मचारी नाही.

सव्वीस फेब्रुवारीला तोडला. गेल्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले. बोलले म्हणण्यापेक्षा, जे लिहायचं ते सोडून बाकी सगळं लिहिलं.

साहेबांनी माझ्याकडे लेखी मत मागितलं. दुसरं तावदान फुटून खाली पडलं होतं. त्या दिवशी शाळेची मुलं आली होती, दोरीच्या जेमतेम अलीकडे उभी होती. मी तीन रात्री विचार केला आणि लिहिलं की झाड हलवता येणार नाही, छाटता येणार नाही, आणि छप्पर सुरक्षित नाही. मी लिहिलं ते खरंच होतं. खाली सही केली. माझी सही बघून साहेब म्हणाले, आता काम सोपं झालं.

वरून तुकडे करत आणला. दोराने एकेक तुकडा खाली सोडत होते. सकाळी सातला सुरू केलं, बाराच्या आत फक्त बुंधा राहिला. एका माळ्याने टोपी काढली, मग सगळ्यांनी काढली. पोय खाली आली तेव्हा मी पुढे होऊन धरली. सगळी भुकटी माझ्या केसांत, पापण्यांवर. मी तशीच आत गेले आणि कागद पसरून ती झाडायला लागले. का, ते माहीत नाही. कोणाला हवी होती ती? पण तू माझे हात असे वळवले आहेस की उमललेली पोय समोर आली की ते आपोआप कागद शोधतात. सुकवली, पुड्या केल्या, डब्यात घालून प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवली. महिना झाला. जिवंत आहे की नाही सांगता येत नाही. सोबत पाठवते.

आता दुसरं. तोडल्यावर नोंद करायला जुनी फाइल हवी होती. तू नको म्हणालेल्या खणात ती होती, आणि तिच्यात साहेबांचा गेल्या जूनचा आदेश होता: झाडाबद्दल मत देऊन तोडण्याची तारीख कळवावी. त्यावर तुझ्या अक्षरात ‘वाचले’ आणि तारीख. जूनमधली.

तू सप्टेंबरात मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज केलास. माझं नाव तूच सुचवलंस. मी सगळ्यांना सांगत फिरले की आत्याने मला तिची जागा दिली. आत्या, तू मला जागा दिलीस की ती सही दिलीस?

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी. पण मला कोणी घडवून तिथे बसवलं ते आता कळलं.

हा डबा तुझ्यासाठी पाठवत नाही, त्या झाडासाठी पाठवते.

खारू

१४ एप्रिल

खारू,

डबा आणि पत्र एकाच दिवशी मिळालं. पत्र पोस्टाच्या पायरीवर बसून वाचलं. पहिल्यांदा राग आला, तो तुझाच. तासभर टिकला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग ठेवायला जागा सापडेना.

सगळं खरं आहे. आदेश जूनमध्ये आला. मी वाचला आणि खणात टाकला. साहेबांनी दोनदा विचारलं, मी म्हटलं, बघते. मला ठाऊक होतं की तोडण्यावाचून इलाज नाही. पण माझ्या हाताने ते लिहायचं म्हटलं की मी पेन खाली ठेवायची. मग डोक्यात आलं की मी नसले तर नवीन माणसाला वेळ देतील, वर्ष दोन वर्षं निघून जातील. नवीन माणूस तू असशील हेही मला माहीत होतं, आणि तरी मी तुझं नाव सुचवलं, कारण झाड सांभाळायला तुझ्याइतकं चांगलं कोणी नव्हतं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण दुसऱ्याच्या आड मी पहिलं लपवलं.

आणि मग निघाले. लोकांना सांगितलं, झाडाचं गाव बघायला जाते. गाव बघायचं होतंच. पण एका जागी झोप का लागत नव्हती ते आता तूही जाणतेस. तू विचारलंस, तू असतीस तर काय केलं असतंस. मी होते खारू. सहा महिने होते, आणि काही केलं नाही.

शाकारणारी बाई पायरीशी उभी होती. पत्रात काय आहे म्हणून तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, खण, आदेश, तू. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “म्हणजे कुऱ्हाड तुम्ही ठेवून आलात, आणि उचलावी लागली पोरीला.”

मी हो म्हटलं.

“मग चला,” ती म्हणाली, “पोरीने पाठवलंय ते तरी वाया नको घालवायला.”

दुसऱ्या दिवशी पहाटे चढलो. एकीची पोय उमलून दोन दिवस झाले होते, तिचा काळ निघून गेला असावा. दुसरीची नेमकी उमललेली. तिसरीला यंदा पोयच नाही. बाईने बांबूला कोयत्याने खाचा पाडून शिडी केली. ती चढणार होती, मी चढू दिलं नाही. कापसाच्या बोळ्याने फुलाफुलाला पराग लावला. अर्धा वाऱ्याने उडाला. उरलेला दुसऱ्या दिवशी परत लावला, पहिलीलाही लावला, निघून गेला असला काळ तरी. डबा रिकामा आहे. आत बोट फिरवलं तर अजून पिवळं होतं, ते मी पुसलं नाही.

इथे बाईच्या घराला लागून एक खोली आहे, ती घेतली आहे. पिशवी रिकामी करून खुंटीला टांगली. फळ धरलं की नाही ते कळेपर्यंत थांबणार आहे.

माफी मागत नाही, ती पत्रात मागायची गोष्ट नाही.

आत्या

६ मे

आत्या,

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण आता प्रश्न माझ्या रागाचा राहिला नाही.

वर्तमानपत्रात आलं आहे: नव्या बाईने तीन महिन्यांत एकशे दहा वर्षांचं झाड तोडवलं. ब्रह्मचाऱ्याचा फोटो, आणि शेजारी तुझा, झाडाला टेकून उभी असतानाचा. लोक फाटकाशी येऊन विचारतात, ती कोण बाई? एकीने माझ्यासमोर फुलं ठेवली, बुंध्यापाशी, आणि माझ्याकडे बघितलंही नाही. साहेब म्हणतात, आमचा असा काही विचार नव्हता, काचघराच्या प्रमुखांनीच मत दिलं. जूनचा आदेश फाइलमध्ये नाही. मी पाहिला होता, हातात धरला होता. तीन आठवड्यांपूर्वी साहेबांनी फाइल मागवून घेतली, परत आली तेव्हा तो कागद नव्हता. मीही केवढी बावळट, नक्कल करून ठेवली नाही.

आठ जूनला उद्यानाचं मंडळ बसणार आहे. मला बोलावलंय. फार तर रोपवाटिकेत परत पाठवतील, नाहीतर घरी. घरी गेले तरी चालेल, पण हा शिक्का घेऊन नाही.

आदेश जूनमध्ये आला होता हे साहेबांखेरीज एकाच माणसाला माहीत आहे.

बाबांना मी काही सांगितलं नाही. त्यांना वाटतं बहिणीला चढण्याचं वय राहिलं नाही आणि मुलगी फार काम करते. तेवढंच वाटू दे.

खारू

२० मे

खारू,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. उद्या सकाळी निघते.

लिहून पाठवायचा विचार केला. चार ओळींचा कागद पुरला असता. पण जो माणूस फाइलमधून एक कागद काढतो तो टपालातून दुसराही काढील. आणि असं बघ, मी हे पोस्टाने पाठवलं तर परत तेच होईल, मी इथे डोंगरात आणि तू तिथे त्यांच्यासमोर. आठ जूनला मी तिथे असेन. बोट चुकली तर पोहत येईन.

आज शेवटचं चढून आलो. पहिलीवर काही नाही, पोय वाळून काळी पडली आहे. दुसरीवर बारीक हिरवे मणी दिसतात. मी खाली उतरून बाईला मिठी मारली, तर ती म्हणाली, थांबा. नर नसतानाही असे मणी यायचे, आणि महिन्याभरात गळून जायचे. आठ वर्षं असंच चाललंय. खरं काय ते जुलैत कळेल.

म्हणजे मी ते न बघताच निघते आहे. तुला वाटेल म्हातारी भाव खातेय, पण खरंच सांगते, घळीतून उतरताना पाय निघत नव्हता. एकतीस वर्षं मी पाय न हलण्यासाठी निमित्तं शोधली, आणि मग चार महिने पाय थांबू नयेत म्हणून. आज पहिल्यांदा थांबायचं होतं आणि जायचंही होतं.

बाईने मण्यांभोवती जुनं जाळं बांधलंय, पाखरांसाठी.

आत्या

२१ जून

शाकारणाऱ्या मावशींना,

आपली ओळख नाही. मी त्या बाईंची भाची, जिने डबा पाठवला होता. तुम्हाला मावशी म्हटलेलं चालेल ना? आत्या तुमच्याबद्दल इतकं बोलते की दुसरं काही म्हणवत नाही. पोस्टातल्या बाई वाचून दाखवतात असं तिने सांगितलं, म्हणून सोपं लिहिते.

आत्या सहा तारखेला पोचली. एका पायात निराळीच चप्पल होती. आठला आम्ही दोघी मंडळासमोर गेलो. तिला बोलावलेलं नव्हतं. शिपायाने अडवलं तर म्हणाली, माजी प्रमुख म्हणून माझं नाव भिंतीवर लावलंय तुम्ही, आत घ्यायला काय हरकत आहे? साहेब उभे राहिले, तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

ती जे बोलली ते मी तुम्हाला तसंच लिहिते. “तोडण्याचा आदेश मला गेल्या जूनमध्ये मिळाला. मी वाचला आणि लपवला, कारण सही करण्याचं धैर्य नव्हतं. मग निवृत्त झाले आणि भाचीला त्या जागी बसवलं. तिने जे लिहिलं ते मी लिहायला हवं होतं, शब्दन् शब्द तेच. झाड मी वाचवलं नाही. आठ महिने लांबवलं, आणि तेही हिच्या मानेवर ठेवून.”

साहेब म्हणाले, असा आदेश फाइलमध्ये नाही. आत्या म्हणाली, फाइलमध्ये नसेल, पण जावक नोंदवहीत क्रमांक असेल, तो तुमच्या कार्यालयातून निघाला होता. कारकुनाला नोंदवही आणायला सांगितली. क्रमांक होता. साहेब पाण्याचा ग्लास हातात धरून बसले, प्यायले नाहीत.

माझी जागा राहिली. साहेबांची चौकशी लागली आहे. आत्याचं नाव भिंतीवरून काढलं. तिला सल्लागार म्हणून परत बोलवायचं चाललं होतं, तेही बारगळलं. वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या, आतल्या पानावर. बाबांनी त्या वाचल्या आणि बहिणीशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी नव्या चपला आणल्या, मापाने लहान. ती त्याच घालते.

सध्या ती आमच्याकडेच आहे. बसत नाही. सकाळी चार फेऱ्या, संध्याकाळी चार. जिथे झाड होतं तो खड्डा आम्ही रिकामा ठेवलाय. लोक विचारतात काय लावणार, मी म्हणते, ठरलं नाही. काचा मात्र सगळ्या पुसून घेतल्या, दर महिन्याला पुसणार आहोत. माझा राग पुरता गेलेला नाही मावशी, तुम्हाला खोटं कशाला सांगू. पण ती सकाळी माझ्यासाठी चहा ठेवते आणि मी पिते.

ती तुम्हाला विचारत नाही, कारण तिला उत्तराची भीती वाटते. म्हणून मी विचारते. मणी राहिले का?

तुमची,
आत्याची खारू

१२ जुलै

काचघरातल्या पोरीला,

मावशी म्हण, काही बिघडत नाही. पोस्टातल्या बाई लिहून घेताहेत.

तुझ्या आत्याने जाताना खोली झाडून ठेवली आणि माझ्यासाठी पाण्याचा हंडा भरून ठेवला. एवढ्या शिकलेल्या बाईला झाडू धरता येत होता हे बघून बरं वाटलं.

जूनच्या शेवटी वारा आला तेव्हा मणी गळायला लागले. रोज खाली वेचून बघायची मी. मला वाटलं झालं, दरवर्षीसारखंच. मग गळायचे थांबले. परवा शिडी लावून चढले आणि जाळं सोडलं. अकरा राहिले आहेत, सुपारीएवढे. असे या आठ वर्षांत कधी राहिले नव्हते. तरी माझी खात्री होईना, म्हणून एक कोयत्याने फोडला. आत बी आहे. ओलं, पांढरं, घट्ट. तेव्हा आता दहा.

तो एक फोडल्याबद्दल रागावू नका. कळायलाच हवं होतं.

पिकायला अजून चार-पाच महिने लागतील असं माझी आई सांगायची, मीही पूर्वी तसंच बघितलंय. नर निघतील की माद्या ते बीवरून कळत नाही, असं तुझी आत्या म्हणाली होती. दहा आहेत, एखादा तरी नर निघेल. निघाला तर इथलं कोणी त्याला हात लावणार नाही. घरोघर जाऊन सांगून आले आहे, आणि ज्यांनी विचारलं का, त्यांना तेही सांगितलं की आठ वर्षं आपणच आपलं छप्पर तोडत होतो.

निम्म्या बिया इथे घळीत लावीन. निम्म्या तुमच्या. पण पोस्टाने पाठवणार नाही. न्यायला दोघींनी या.